पेन्सिलीतलं ग्रीक

आमच्या घरात बुटांचा एक खोका आहे. त्यात बूट नाहीत, सहाशे एक्केचाळीस कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर वर एक साधा इंग्रजी शब्द आहे. बादली, चाळणी, उशी, बस, दार, अशा रोजच्या वस्तूंचा. त्याखाली डावीकडे त्या वस्तूला प्राचीन ग्रीक लोक काय म्हणत ते लिहिलेलं आहे, आणि उजवीकडे आजचे ग्रीक लोक काय म्हणतात ते. कार्डं माझ्या पत्नीची. तिला जाऊन आता वर्ष होऊन गेलं.

ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. एकतीस वर्षं एकाच महाविद्यालयात. झाडांची नावं, पानांच्या आकारांची नावं, फुलांच्या भागांची नावं, त्यांतली निम्मी ग्रीकमधून आलेली. निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात ती एका सकाळी मला म्हणाली, "अहो, मी आयुष्यभर ग्रीक बोलतेय आणि मला ग्रीकमध्ये प्यायला पाणी मागता येत नाही."

"कशाला मागायचंय? ओट्यावर माठ आहे," मी म्हणालो.

"तुम्ही बसा माठाशेजारी," ती म्हणाली, आणि त्याच दुपारी बसने शहरात जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक व्याकरण घेऊन आली. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांसाठी केलेलं, आत कुणाच्या तरी शाईचे डाग पडलेलं. मोठा शब्दकोश सहा महिन्यांनी आला. तो इतका जड होता की दुकानदाराने रिक्षा बोलावून दिली. तो ग्रीकमधून इंग्रजीत आहे. मराठीतून ग्रीकमध्ये जायचं तर इंग्रजीच्या जिन्यानेच जावं लागतं, म्हणून कार्डावर वर इंग्रजी. मराठी शब्द तिने कुठेच लिहिला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मराठी त्या वस्तूतच आहे की."

कार्डं तिने प्रॅक्टिकलच्या जुन्या जर्नलांमधून कापली होती. जाड, एका बाजूने कोरी पानं. मागे कुठे अर्धवट मूळ असतं, कुठे परागकोश. तिचा एक नियम होता: ज्या वस्तूला त्या दिवशी हात लागला, तिचंच कार्ड करायचं. त्यामुळे राजा, युद्ध, मंदिर असे शब्द खोक्यात नाहीत. झाकण आहे, साबण आहे, चप्पल आहे, किल्ली आहे. मंदिराचं कार्ड का नाही म्हणून मी एकदा छेडलं, तर म्हणाली, "आज गेले नव्हते. तुम्ही जाऊन या, मग तुमच्या नावाने करते."

जेवताना शब्द यायचे. एकदा आमटी वाढून झाल्यावर तिने पोळीचा तुकडा दुमडून त्याची होडी केली, आमटीत बुडवली आणि माझ्यासमोर धरली. "म्युस्तिले."

"काय?"

"हेच. भाकरीचा तुकडा खोलगट करून त्याने कालवण उचलायचं, त्या तुकड्याला त्यांच्याकडे शब्द होता. आज चमच्याचं कार्ड करत होते, तर डावीकडे हा सापडला. आता ते लोक कुताली म्हणतात. धातूचा असतो."

"म्हणजे सुधारले."

"किंवा बिघडले," ती म्हणाली आणि घास खाऊन टाकला.

कुकरचं कार्डही मला चांगलं आठवतं. प्राचीन काळी मातीच्या हंडीला ख्युत्रा म्हणत. आज ग्रीसमध्ये कुकरला म्हणतात खीत्रा ताखीतितास, म्हणजे वेगाची हंडी. हे कळल्यावर चार-पाच दिवस ती शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, वेगाची हंडी बंद करा." आमच्या मुलीने कुकर हा इंग्रजी शब्द फोनवरच्या ॲपमध्ये घालून पाहिला होता, तर त्याने शेगडीचं ग्रीक नाव सांगितलं. मुलगी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, रिलीजच्या तारखा जवळ आल्या की तिला जेवायला फुरसत नसते. "आई, एक शब्द शोधायला तुला अख्खा दिवस लागतो," ती म्हणाली. "लागू दे," तिची आई म्हणाली, "मला कुठे रिलीज आहे?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागलो. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने यंत्राचा भाग काढायचा. त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून तीच रेघ शाईने गिरवायची, हे ट्रेसरचं काम. पुढे मीही ड्राफ्ट्समन झालो, नंतर संगणक आले, पण मूळ शिक्षण ट्रेसरचं. आमच्यात पेन्सिल म्हणजे कच्चं आणि शाई म्हणजे पक्कं. शाई झाल्याशिवाय ड्रॉइंग खाली शॉपमध्ये, यंत्रांवरच्या कामगारांकडे, जात नसे. आणि चांगल्या ट्रेसरची ओळख अशी की कागद बघून हात कुणाचा ते कळता कामा नये. साहेबांचे आकडे मी असे गिरवायचो की साहेबांनाच आपले वाटायचे. ही एकच गोष्ट मी बढाईने सांगत आलो आहे.

तिच्या कार्डांवर काही शब्द निळ्या शाईत होते आणि काही पेन्सिलीत. मी रोज पाहत होतो. का, ते कधी विचारलं नाही. मला ते माहीत आहे असं वाटत होतं.

तिचा आजार अकरा आठवड्यांचा. गौरी-गणपतीच्या आधी ती गेली. दिवस झाले, मुलगी पंधरा दिवस राहून परत कामावर गेली, आणि दिवाळीच्या सुमाराला मी खोका उघडला. पहिलं माझ्या लक्षात आलं ते हे की पेन्सिलीचे शब्द पुसट होताहेत. कार्डावर कार्ड घासून काहींची पार राख झाली होती. ती मऊ पेन्सिल वापरायची आणि हलक्या हाताने लिहायची. अजून पाच वर्षांनी यातलं काही राहणार नाही, असं मला स्पष्ट दिसलं.

मी तिचंच पेन घेतलं. दौतीत तिचीच निळी शाई होती. बाल्कनीच्या दाराशी टेबल ओढलं, भिंग घेतलं, आणि दुपारी दोन ते पाच असा रोज बसू लागलो. अक्षरं कळत नसली तरी गिरवायला अडत नाही. रेघ कुठून सुरू होते, कुठे दाब वाढतो, कुठे वळते, एवढंच बघायचं असतं. तिच्या अक्षरात थीटाच्या पोटातली आडवी रेघ नेहमी उजवीकडे किंचित वर जाते, तीही तशीच गेली पाहिजे. शाई वाळली की नरम खोडरबरने खालचं शिसं पुसून टाकायचं, नाहीतर कडा राखाडी दिसतात. नऊ दिवस लागले. दीडशेच्या आसपास कार्डं असतील, मोजली नाहीत.

शेवटचं कार्ड स्ट्रॉचं. हॉस्पिटलमध्ये तिला ग्लास उचलवेनासा झाला तेव्हा नर्सने कागदी स्ट्रॉ आणून दिली. त्या दिवशी तिच्या हाताला लागलेली नवी वस्तू ती एकच. मला म्हणाली, "पर्समध्ये कोरं कार्ड आहे, द्या." उजवीकडे तिने लिहिलं कालामाकी. डावीकडे लिहिलं कालामोस. अक्षर हललेलं होतं, ओळ खाली गेली होती. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. गिरवताना मी ते सगळं ठेवलं. प्रत्येक थरथर भिंगाखाली बघून ठेवली. मला वाटतं, आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं ट्रेसिंग होतं.

आता तिसरी बाई. आमच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर, काही वर्षांपूर्वी एक ग्रीक बाई तीन महिने भाड्याने राहिली होती. योगासनांचा अभ्यास करायला पुण्यात आली होती. थेसालोनिकीजवळच्या गावात ती शाळेत शिकवते. माझ्या पत्नीने तिला जिन्यात गाठून ग्रीकमध्ये "आज पाणी आलं नाही" असं सांगितलं, तेव्हा ती बाई पायरीवरच बसली. त्यानंतर रोज सकाळी ती आमच्याकडे उपमा खायला आणि कार्डं तपासायला यायची. माझी पत्नी मला हाक मारते ती ऐकून तिला वाटलं, माझं नाव अहो आहे. पत्नीने तिला खरं सांगितलं नाही. "बरं आहे की," म्हणाली, "जगात दोन बायका तुम्हाला आदराने बोलावतात." आता एकच उरली आहे.

डिसेंबरात त्या बाईचा व्हिडिओ कॉल आला. आमचं बोलणं इंग्रजीत होतं, पण सुरुवात ती नेहमी तशीच करते. "अहो, कसे आहात?" मी बरा आहे म्हणालो. मग तिने कामाचं काढलं. पत्नीने तिला म्हणे शेवटच्या महिन्यात निरोप पाठवला होता: यादी एकत्र करून त्याची छोटी पुस्तिका करू, दोन प्रती काढू, एक तुझ्या शाळेला आणि एक इथल्या एखाद्या ग्रंथालयाला. तपासायचं तेवढं तू तपास.

"मी नाताळच्या सुट्टीत बसते," ती म्हणाली. "तुम्ही मला फक्त पेन्सिलीतल्या कार्डांचे फोटो पाठवा."

"फक्त पेन्सिलीतल्या का?"

"कारण शाईतले शब्द तिने तपासलेले आहेत. शब्दकोशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला किंवा मला विचारला, की मगच शाई. पेन्सिल म्हणजे अंदाज. कुठे ऐकलेला, कुठे स्वतः जुळवलेला. फ्रिज, टूथब्रश, मोबाईल, यांना प्राचीन शब्द कुठून असणार? ते ती गंमत म्हणून तयार करायची. तुम्हाला माहीत असेलच."

मी म्हणालो, "शोधून पाठवतो."

फोन ठेवल्यावर मी खोका उघडला. सहाशे एक्केचाळीस कार्डं, सगळी निळ्या शाईत, सगळी एकाच हातची. तिने सहा वर्षं जपलेला फरक मी नऊ दुपारींत पुसला होता. तिने परवा केलेला शब्द आणि अडीच हजार वर्षं जुना शब्द आता शेजारी शेजारी बसले होते आणि कुठला कुठला हे सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. ती पुस्तिका तशीच छापली असती तर तिच्या नावावर खोटं गेलं असतं. विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये न पाहिलेली पेशी काढलेली दिसली की ती पान परत करायची. ही सगळी पानं तिने परत केली असती.

तीन आठवडे मी त्या बाईला उत्तर दिलं नाही. तिचे निरोप आले, "अहो, मिळाली का?" मी लिहिलं, "शोधतोय." तेही खोटंच होतं.

मध्यंतरी मी आमच्या धंद्यातले उपाय करून पाहिले. खोडरबर फिरलेला कागद तिरप्या उजेडात भुरकट दिसतो. सकाळी बाल्कनीत ऊन आडवं येतं तेव्हा एकेक कार्ड डोळ्याच्या पातळीला धरून पाहिलं. शेजारच्या बाल्कनीतले गृहस्थ दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काय, नोटा खऱ्या आहेत का?" मी म्हणालो, "तेच बघतोय." भुरकट कार्डं तीनशेवर निघाली. मग लक्षात आलं की ती स्वतःही खोडायची. अंदाज लिहायचा, तपासायचा, चुकला तर पुसायचा, आणि बरोबर निघाला की त्यावरच शाई करायची. म्हणजे घासलेल्या कार्डांत तिची आणि माझी दोन्ही होती. तो उपाय तिथे संपला.

रविवारी मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं. तिने खोक्यातली दोन-चार कार्डं काढून पाहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला एकदा तरी विचारायचंत, पेन्सिल कशासाठी ते."

"मला वाटलं, मला माहीत आहे."

"हो, तेच," ती म्हणाली. जेवण झाल्यावर निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, "त्या मावशींना सांगितलंत?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "सांगा. त्या काय तुम्हाला ओरडणार आहेत?"

मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सगळं सांगितलं. ट्रेसिंग काय असतं तेही सांगावं लागलं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "अहो, आमच्याकडे नवीन मडकं जुनं म्हणून विकलं तर पोलीस येतात. तुम्ही तर भाषाच जुनी करून ठेवली." मग हसली, आणि मग रडली, आणि मग म्हणाली, "तुम्हाला अक्षरं येतात का?"

काही येत होती. ड्रॉइंगवर व्यास दाखवायला फाय असतो, कोनाला थीटा, बेरजेला सिग्मा. चोवीसमधली नऊ-दहा मी चाळीस वर्षं वापरली होती, ती कुठल्या भाषेतली आहेत याचा विचार न करता. "मग तुम्ही डावी बाजू बघा," ती म्हणाली. "मोठा कोश तुमच्याकडेच आहे. शब्द शोधायला भाषा यावी लागत नाही, अक्षरांचा क्रम यावा लागतो. उजवी बाजू मी बघते."

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते पाच हे चाललं आहे. टेबल तेच. कार्ड घ्यायचं, डावीकडचा शब्द कोशात शोधायचा. सापडला आणि अर्थ जुळला तर कार्डाच्या मागे परागकोशाशेजारी बारीक टिंब. सुरुवातीला एका शब्दाला अर्धा तास लागायचा. ह्युदोर, पाणी, सापडायला तर सबंध दुपार गेली, कारण तिच्या तोंडून ऐकलेल्या उच्चारावरून मी ते ह-पाशी शोधत होतो आणि ग्रीकमध्ये ह नावाचं अक्षरच नाही. सापडलं तेव्हा समोर रिकामी खुर्ची होती. मी कोशाला बोट लावून तसाच बसलो आणि मग उठून माठातलं पाणी प्यालो.

चाळणी जुनीच निघाली, आणि नवीही तीच: कोस्किनोन, कोस्किनो. हजारो वर्षांत त्यांनी चाळणीचं नाव बदललेलं नाही. बसचा शब्द लेओफोरीओ, त्याच्या डावीकडे तिने लिहिलेला शब्द कोशात आहे, पण त्याचा अर्थ लोकांना नेणारा रस्ता. बस नाही. असं निघालं की ते मी वहीत लिहून ठेवतो, त्या ग्रीक बाईला कळवतो आणि तिकडून उत्तर येईपर्यंत थांबतो. टूथब्रशचा शब्द कोशात नाही. मोबाईलचा नाही. टिफिनच्या डब्याचा शब्द पाच तुकडे जोडून केलेला आहे, एवढा लांब की ओळीत मावला नाही आणि शेवटचं अक्षर तिने कोपऱ्यात वर चढवलं आहे. मी ते चढवलेलं अक्षरही इमानदारीने गिरवलं होतं.

न सापडलेल्या शब्दांचं काय करायचं, हे मी कुणाला विचारलं नाही. ट्रेसिंग पेपरवर शाईची चूक झाली तर आम्ही दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून शाई खरवडायचो. घाई केली तर कागद फाटतो. जर्नलचा कागद जाड आहे, सोसतो. शाई खरवडायची, भुगा फुंकायचा, नखाने कागद दाबून गुळगुळीत करायचा, आणि त्याच जागी तोच शब्द मऊ पेन्सिलीने लिहायचा. टूथब्रश, मोबाईल, डबा, असे बावीस शब्द मी पेन्सिलीत परत नेले. तिचं वळण आता हाताला इतकं बसलं आहे की खाली काही नसतानाही ते उमटतं. थीटाची रेघ उजवीकडे वर जाते.

गेल्या आठवड्यात खोका संपत आला आणि स्ट्रॉचं कार्ड हातात आलं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. उजवी बाजू कधीच झाली होती. कालामाकी, बरोबर, आमच्या दुकानात असंच मागतात, असं उत्तर आलं होतं. डावीकडचा कालामोस मला कोशात दोन मिनिटांत सापडला. अर्थ: बोरू, वेळू, त्यापासून केलेली बासरी, त्यापासून केलेली लेखणी, मासे धरायची काठी. बराच मोठा परिच्छेद आहे, मी तीनदा वाचला. प्यायची नळी त्यात नाही. असेलही कुठे दुसरीकडे. बोरूतून काही प्यायचं कुणाला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. पण हा माझा अंदाज, आणि बहुतेक तिचाही अंदाजच. हॉस्पिटलच्या पलंगावर कोश नव्हता.

मी त्या बाईला फोन लावला. "हे एक तसंच राहू दे का?" मी विचारलं. कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. तिने ती अक्षरं पाहिली.

"अहो, राहू द्या," ती म्हणाली. "एकाने काय होतं. मी माझ्या जुन्या शिक्षिकेला विचारते. त्या नव्वदीच्या आहेत, पण त्यांना आठवतं. नळी म्हणून कुणी वापरला असेल तर त्या सांगतील."

"कधी सांगतील?"

"गावाला गेल्या आहेत. पंधरा दिवस."

"म्हणजे अजून तपासलेला नाही."

"नाही," ती म्हणाली.

ब्लेड काढलं. कालामाकीला हात लावला नाही, ती शाई आता खरी आहे आणि तिच्यातली थरथरही राहील. कालामोस खरवडला. क आधी, मग पुढची अक्षरं, एकेक. दहा मिनिटं लागली. भुगा फुंकला नाही, एका कागदावर झटकून घेतला. मग पेन्सिल घेतली आणि तिथेच मला अडलं. बाकीच्या बावीस शब्दांना तिचं नेहमीचं वळण चाललं होतं. इथे ते वळण नव्हतं, आणि जे होतं ते खाली दिसल्याशिवाय मला काढता येत नव्हतं. थरथर पाठ होत नाही. एकदा कोऱ्या कागदावर प्रयत्न केला, ते सोंग वाटलं.

शेवटी माझ्या अक्षरात लिहिलं. ड्रॉइंगवर लिहितात तसं, सरळ, सुटं. खोक्यातला तो एकच शब्द माझ्या हातचा आहे. कार्ड पेन्सिलीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं, आता ती तेवीस झाली. नव्वदीच्या बाई गावाहून परत यायला अजून आठ दिवस आहेत. दौतीत शाई थोडी आहे, एका शब्दाला पुरेल.